गाडीचं नाक

(रिसोड तालुक्यात, केनवडच्या पुढची एक वस्ती. इंद्रभानच्या अंगणात एक पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी आहे. गाडी त्याच्या लेकीची, मंजुषाची. गाडीवर ओणवा झालेला माणूस म्हणजे केनवडचा राजपाल मिस्त्री. सकाळचे सव्वानऊ झालेत आणि घरात खीर चुलीवर चढली आहे.)

मंजुषा : ...तेच तर सांगून राह्यली मी. चालू होते, दोन गुरगुऱ्या देते आन बंद पडते. परत चालू होते, परत बंद.

राजपाल : आन तुमी तरी सेल्फ मारूनच राह्यल्या?

मंजुषा : मग काय करू, ओवाळू तिले?

राजपाल : ताई, हात जोडतो, पहिले चाबी काढा. इंजनात पानी गेलं असन आन तुमी सेल्फ मारला, तं आतला रॉड वाकते. मंग ते इंजन नाही राह्यत, भंगार होते.

इंद्रभान : पानी नाही गेलं.

राजपाल : तुमाले कसं मालूम, काका?

इंद्रभान : नाही गेलं म्हनजे नाही गेलं. दुसरं काही पाह्य.

राजपाल : बत्तीस वर्सं एस्टी चालवली तुमी, मानतो आपन. पन मी आत्ता आलो, अजून नीट डोकं बी नाही घातलं बॉनेटमधी, आन तुमी निकाल देऊन मोकळे?

इंद्रभान : घड्याळ पाह्य बे. सव्वानऊ झाले. रिसोडले जाचं अर्धा घंटा, याचं अर्धा घंटा. भंतेजीले गाडीत बसवाले धा मिनिटं, त्याइच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आन बाराच्या आत त्याइचं जेवन झालं पाह्यजे.

राजपाल : साडेबारा झाले तं?

इंद्रभान : तं काही नाही. बाराच्या बाद भंतेजी जेवत नाहीत. नियमच हाये तो. येतीन, बसतीन, पानी घेतीन, आशीर्वाद देतीन. खीर मातर तशीच राहीन. भागिरथाले जाऊन आज वर्स झालं, राजपाल. पावसायातल्या वर्षावासात तिच्या नावानं एक भोजनदान, येवढंच ठरवलं होतं म्या. सालभर तेच धरून बसलो.

राजपाल : काकूच्या हातची भाकर खाल्ली हाये मी. गाडी चालू केल्याबिगर जात नाही, जबान देतो. पन मले कोनी खोटं नका सांगू. ताई, गाडी पान्यातून नेल्ती का?

मंजुषा : पाऊस तर रोजच आहे.

राजपाल : पाऊस नाही इचारला. नाल्यावरच्या रपट्याचं, त्या बुटक्या पुलाचं इचारलं.

मंजुषा : रपट्यावर काय, थोडंबहुत पाणी असतेच.

राजपाल : थोडंबहुत मतलब? घोटा बुडन येवढं, का टायर बुडन येवढं?

मंजुषा : तू आधी खोल ना रे जे खोलायचं ते! फोटो लावायचा राह्यला, हार यायचा आहे, साधना वहिनी एकटी चुलीपाशी बसली आहे, आन तू पोलिसासारखा जबाब घेऊन राह्यला.

राजपाल : बरं बरं. आता हे काय हाये? हवेचा डब्बा कुठं गेला?

मंजुषा : कोणता डब्बा?

राजपाल : अवो, इंजन हवा घेते ना आपल्यावानी. तिचा डब्बा असते इथं, वरतं. कंपनीचा, काळा. इथं तं हा चकचकीत पाईप, आन तो चालला सीधा खाली बंपरमधी.

मंजुषा : ज्याच्याकडून घेतली तो पुण्याचा पोरगा हौशी होता. त्यानं बदलून घेतलं ते. म्हणे खालची हवा थंड राह्यते, इंजिन खुश होते, गाडी पळते. आवाज पण भारी येते.

इंद्रभान : आवाज! म्या पहिल्याच दिवशी सांगतलं हिले. ट्रॅक्टरचं नाक पाह्य म्हनलं, कुठं असते? बॉनेटच्या बी वरतं, ऐटीत. वावरात चिखल होऊ दे, नाल्यात उतरू दे, काही फरक नाही पडत त्याले. आन हिच्या गाडीचं नाक गुडघ्यात! रपट्यात उतरली की पहिला घोट तेच घेईन.

मंजुषा : बाबा, हे भांडण रविवारी झालं ना आपलं?

इंद्रभान : भांडन कुठं झालं? मी बोललो, तू मोबाईल काढला.

मंजुषा : मोबाईलवर तुमालेच तर दाखवलं. त्या पाईपच्या खालच्या टोकाले फिल्टर असते ना, त्याच्यावर चढवायची कपड्याची टोपी मिळते, पाणी आत येऊ देत नाही. त्याच वेळी मागवली मी तुमच्यासमोर. आता ते पार्सल वाशीमच्या खोलीवर जाऊन पडलं, त्याले मी काय करू? मी इथं, टोपी तिथं.

राजपाल : मतलब टोपी नाही लावली.

मंजुषा : हातात आली तर लावीन ना!

इंद्रभान : आन समज... लावली असती, तं गेलं असतं काय पानी आत?

राजपाल : लावली असती तं नसतं गेलं. पन नाही ना लावली.

इंद्रभान : समज म्हनून राह्यलो मी.

राजपाल : समजून गाडी चालू होत नाही, काका. तो पाना द्या इकडं. प्लग खोलतो. पानी असन तं भोकातून पिचकारी उडते, सारं समजून येईन.

मंजुषा : खोल बाप्पा. बाबा, तोपर्यंत तुमी मले एक सांगा. आईची छत्री कुठं आहे?

इंद्रभान : छत्री?

मंजुषा : काळी, लाकडी मुठीची. काल रात्रीपासून शोधून राह्यली मी. खुंटीवर नाही, कोठीत नाही. शेजारच्या गोमतीबाईच्या घरी पण विचारून आली, त्यांनी नेली नाही म्हणतात.

इंद्रभान : असन कुठं तरी. आता गाडीचं पाह्य का छत्रीचं? आन आभाळ तं उघडलं.

मंजुषा : उघडू द्या. भंतेजी आले की आई रस्त्यापासून विहारापर्यंत त्याच छत्रीखाली त्यांना आणे. पाऊस असो की ऊन असो. आज मी धरणार आहे. त्यासाठी तीन दिवस सुट्टी टाकली मी, नुसती खीर हलवायले नाही आली.

इंद्रभान : दुसरी छत्री घे ना. साधनाची फुलाफुलाची हाये.

मंजुषा : मले तीच पाह्यजे.

राजपाल : ताई, या इकडं. आता मारा सेल्फ. मारा, मारा, प्लग बाहेर हायेत, आता काही नाही होत.

मंजुषा : मारू?

राजपाल : हाव. ...बस. बस झालं.

मंजुषा : काय झालं?

राजपाल : काहीच नाही झालं. चारी भोकं सुकी खनखनीत. थेंब नाही.

इंद्रभान : म्या काय म्हनलं!

राजपाल : थांबा काका. ऑइलची पट्टी पाह्यतो. पानी मिसळलं की ऑइल चहावानी होते. ...नाही. ऑइल बी साफ.

मंजुषा : म्हणजे इंजिन वाचलं?

राजपाल : इंजनाले काही झालंच नाही.

मंजुषा : मग बंद काहून पडते?

राजपाल : तेच तं मले समजून नाही राह्यलं. ताई, इकडं बसा जरा खाली. हे पाह्या. बंपरच्या जाळीत काय हाये?

मंजुषा : चिखल.

राजपाल : आन हेडलाइटच्या कोपऱ्यात?

मंजुषा : ...गवत.

राजपाल : नाल्यातलं गवत. ते उडून नाही आलं इथं. पानी हेडलाइटपर्यंत आलं होतं गाडीले. गाडीचं नाक त्याच्या बी खाली हाये एक हात. आन पोटात थेंब नाही! माह्या बापानं बी इंजनं खोलले, मी बी बारा वर्सं झाले खोलून राह्यलो, असं पाह्यलं नाही कधी. बुडालेल्या मानसाच्या पोटात पानीच नाही!

इंद्रभान : मंजू. हेडलाइटपर्यंत?

मंजुषा : बाबा, वेळ चालला. साडेनऊ होऊन गेले.

इंद्रभान : मंजू, मी इचारून राह्यलो. काल तू रिसोडवरून आली, तवा रपट्यावर किती पानी होतं?

मंजुषा : होतं.

इंद्रभान : काठाचे पांढरे दगड दिसत होते काय?

मंजुषा : अंधारून आलं होतं.

इंद्रभान : दगड दिसत होते काय?

मंजुषा : नाही. नव्हते दिसत.

इंद्रभान : आन तू घातली गाडी!

मंजुषा : घातली. आईचा फोटो मोठा करून आणायचा होता, दुकानदारानं सहा वाजवले. फोटो मागच्या सीटवर होता, दूध होतं, तांदूळ होता. तिकडंच थांबली असती तर आज काय लावलं असतं भिंतीवर? मधात गेल्यावर समजलं किती पाणी आहे ते. मग मागं पण येता येईना. रडत रडत काढली गाडी मी, बाबा. घरी येऊन चूपचाप उभी केली. बोला आता काय बोलायचं ते.

इंद्रभान : चाळीस पॅसेंजर घेऊन मी तीन तीन घंटे उभा राह्यलो त्या रपट्यापाशी. लोकं शिव्या देत, एकानं तं दगड मारला काचेवर. पन दगड दिसल्याबिगर म्या टायर नाही भिजवलं कधी. बत्तीस वर्सं! आन माह्या घरची पोरगी... फोटोसाठी! तू वाहून गेली असती तं दोन फोटो लावले असते काय भिंतीवर म्या?

राजपाल : काका, ते घरी आली. ते सोडा आता. मी काय म्हनतो, मले आता जास्तच चक्रावून राह्यलं. पानी आलं, हे पक्कं. पानी गेलं नाही, हे बी पक्कं. मंग गाडी मरते कायनं? ताई, काल पान्यात बंद पडली होती का?

मंजुषा : पडली असती तर इथं असती का मी? पण दम नव्हता तिच्यात. पाय दाबला तरी पळेना. म्हातारीसारखी हां हां करत आली.

राजपाल : पान्यातून निघाल्यावर?

मंजुषा : निघाल्यावर जास्त. पण... थांब. जाताना पण तसंच होतं. सकाळी गेली तेव्हा रपटा तर कोरडा होता.

राजपाल : जाताना बी? पान्याच्या पहिले?

मंजुषा : हो. चढावर दुसऱ्या गेरवर आणली मी. मले वाटलं पेट्रोल खराब आहे.

राजपाल : हे काय लफडं हाये! मतलब पान्याचा काही संबंधच नाही. रविवारी चांगली होती ना?

मंजुषा : रविवारी वाशीमवरून उडत आली. सोमवारी काढलीच नाही. मंगळवारी, म्हणजे काल, हे असं.

राजपाल : सोमवारी कोनी हात लावला गाडीले?

मंजुषा : कोण लावते? अंगणात उभी होती. बाबा, पोरं आली होती का खेळायले?

इंद्रभान : नाही.

मंजुषा : कुत्रं-मांजर बसलं असेल खाली? उंदरानं वायर खाल्ली असेल?

इंद्रभान : उंदीर नाही. राजपाल, मले एक सांग. ते टोपी असते ना, मोबाईलमधली... ते कोन्या बी कपड्याची चालते काय?

राजपाल : काका, तुमी त्या टोपीच्या मागंच लागले! टोपी नाही लावलेली.

इंद्रभान : मी कपड्याचं इचारून राह्यलो.

राजपाल : तो कपडा अलग असते. पान्याले अडवते, पन हवा येऊ देते. जाळीवानी बारीक असते. हवाच नाही गेली तं इंजन काय खाईन? तुमाले नाकावर ओला फडका बांधला आन म्हनलं विहारापर्यंत पळा, तं पळसान काय तुमी?

इंद्रभान : ...हवा नाही जात.

राजपाल : काय नाही जात?

इंद्रभान : काही नाही. तू खाली जाऊन पाह्य. बंपरच्या मागं.

राजपाल : तेच पाह्यनार होतो आता. ताई, ते पोतं द्या, अंगाखाली घेतो. खालचा पत्रा चार स्क्रूवर हाये. ...निघाला. आता हात जाते. ...अरे! हे तं लावलेली हाये!

मंजुषा : काय लावलेली आहे?

राजपाल : टोपी! काळी! मस्त नाडीनं आवळून बांधली. ताई, तुमी मघापासून नाही नाही म्हनता...

मंजुषा : राजपाल, डोकं नको फिरवू माझं. पार्सल वाशीमले आहे. कालच मेसेज आला, दाराशी ठेवलं म्हणून.

राजपाल : मंग हे काय माह्या बापानं लावली? पुण्याच्या पोरानं लावली असन पहिलेच.

मंजुषा : मग रविवारी कशी उडत आली?

राजपाल : ते बी खरं. थांबा, काढतो. गाठ पाह्या कशी मारली, बैल सुटनार नाही अशी. ...हे घ्या. दुहेरी घडी हाये, चिखल बसला गच्च. इथून हवा काय, हवेचा बाप नाही जाऊ शकत. आन हे शिलाई तं हातची हाये. मधात गोल भोक होतं, तेबी टाके मारून बुजवलं. कंपनीचा माल नाही हा. हे काठाले काय, लाल लाल?

मंजुषा : दे इकडं.

राजपाल : हात खराब होतीन.

मंजुषा : दे म्हटलं ना!

राजपाल : घ्या.

मंजुषा : लाल दोऱ्याचं फूल. चार पाकळ्या, एक लहान. बाबा.

इंद्रभान : हं.

मंजुषा : विहारात साऱ्यांच्या छत्र्या एकत्र पडतात, ओळखू येत नाहीत, म्हणून आईनं काढलं होतं हे. मी शेजारी बसून सुई ओवून दिली होती तिले. हे आईच्या छत्रीचं कापड आहे.

इंद्रभान : हाव.

मंजुषा : आईच्या छत्रीले कातर लावली तुमी?

इंद्रभान : कातर नाही लावली. बुद्धाची शपथ... नाही, शपथ नको. कातर नाही लावली, मंजू. नुसते टाके उसवले. आठ काड्या, आठ टाके. कपडा सारा हाये, काठ बी हाये. काड्या दाराच्या मागं कापडात गुंडाळून ठेवल्या.

मंजुषा : अन् मी वेड्यासारखी गावभर विचारत फिरून राह्यली!

इंद्रभान : सोमवारी पहाटे तू झोपलेली होती. मोबाईलमधली टोपी पाह्यली होती म्या. काळी, गोल, पातळ, पानी वरून घरंगळून जाते. डोयापुढं छत्रीच आली माह्या. म्हनलं, पार्सल येईन तवा येईन, नाल्याले पानी कवा येईन सांगता नाही येत. भंतेजीले आनाले हेच गाडी. हिच्या नाकात पानी गेलं तं सारंच मुसळ केरात. म्हनून बांधली. दुहेरी केली, जास्त पक्की व्हावी म्हनून.

मंजुषा : सांगायचं तर होतं!

इंद्रभान : सांगतलं असतं तं तू मोबाईल काढला असता.

मंजुषा : आन मघापासून उभे आहात इथं, अर्ध्या तासापासून. बोलायले काय झालं होतं?

इंद्रभान : मले कुठं मालूम होतं त्यानंच बंद पडते म्हनून? मी तं म्हनून राह्यलो होतो, टोपी हाये तं पानी नाही जाऊ शकत. पानी नाही गेलं तं गाडी चालू झाली पाह्यजे. दोन्ही गोष्टी खऱ्या, आन गाडी बंद. माहंच डोकं चालेना. त्यात हा राजपाल म्हने, टोपी नाहीच लावली. मले वाटलं पडली असन रस्त्यात... म्हनलं, गेली. भागिरथाची छत्री बी गेली.

मंजुषा : घरात तीन छत्र्या आहेत. आईचीच पाह्यजे होती?

इंद्रभान : बाकीच्या गळतात.

मंजुषा : बाबा.

इंद्रभान : खरंच गळतात. आन... तुले आठवते काय, तू लहान होती. माही दुपारची गाडी केनवड फाट्यावरून जाय. घरी याले येळ नसे. तुही माय डबा घेऊन उभी राहे फाट्यावर. पावसायात काचेतून काहीच दिसे नाही. पन तेवढी काळी छत्री मले लांबून ओळखू ये. मी गाडी हळू करो, ते खिडकीतून डबा दे, कंडक्टर बेल मारे. एक मिनिट बी नाही लागे. अठरा-वीस वर्सं चाललं हे. डबा कधी ओला नाही झाला. ते सारी भिजे, डबा कोरडा. म्हनून मले वाटलं, कपडा असन तं हाच पक्का.

राजपाल : काका, मी बोलू का?

इंद्रभान : बोल. तूबी बोलून घे.

राजपाल : ताई, ती टोपी उलटी करा. आतून हात लावा.

मंजुषा : कशाले?

राजपाल : लावा तं. आन हा फिल्टर बी घ्या हातात.

मंजुषा : ...कोरडा आहे.

राजपाल : ओल बी नाही. काल तुमी हेडलाइटपर्यंत पान्यात होत्या. हे कपडा नसता ना, तं नाल्याच्या मधातच पहिला घोट गेला असता. इंजन जागीच जाम. मंग तुमी दार उघडून उतरल्या असत्या, त्या अंधारात, त्या पान्यात. काकानं गाडीचा गळा दाबला, हे खरं. पन तुमाले काठाले बी त्याइनंच आनलं.

इंद्रभान : मले नको सांगू ते. पावनेधा झाले. गाडी चालू होईन का नाही तेवढं सांग.

राजपाल : टोपी काढली, आता होईन. पन मी तशी नाही देनार. हा खालचा पाईप काढून ठेवतो मी. फिल्टर वरतंच लावतो, बॅटरीच्या बाजूले, क्लिप आवळून. थंडी हवा नाही भेटनार, जरा गरम हवा घेईन, जरा सुस्त चालन. आन तो आवाज बी कमी होईन, ताई.

मंजुषा : जाऊ दे आवाज. चुलीत घाल तो आवाज. पाणी?

राजपाल : नाक गुडघ्यातून छातीवर आनलं. पन म्हनून पान्यात उडी नका मारू. मी आता फटफटीवर आलो तवा रपट्यावर चार बोटं पानी होतं, दगड सारे उघडे. आभाळ असंच राह्यलं तं येताना बी काही त्रास नाही.

इंद्रभान : दगड म्या पाह्यल्याशिवाय नाही.

राजपाल : तुमीच पाह्या. ...हे बसलं. प्लग लावले. मारा ताई सेल्फ.

मंजुषा : मारू?

इंद्रभान : मार वो, इचारते काय!

राजपाल : ...घ्या! रेस द्या. अजून. सोडा. पाह्या, आता श्वास घेऊन राह्यली.

इंद्रभान : धा वाजाले आले. जाऊन येऊन सव्वाअकरा. साधना! ताटं मांडून ठेव! फोटो कोनाकडून तरी लावून घे, सरळ लाव म्हनाव!

मंजुषा : बाबा, तुमी चालवता का? मले त्या रपट्याची भीती वाटून राह्यली.

इंद्रभान : मी नाही. डाव्या डोयात मोतीबिंदू हाये, मले दगडाचे दोन दगड दिसतीन. तू चालव. मी बाजूले बसतो. रपट्यावर उतरलो की पहिला गेर, रेस एकसारखी, मधात पाय उचलाचा नाही आन घाबराचं नाही. काल एकटी होती, आज मी हावो.

मंजुषा : काल ओरडले असते तुमी, म्हणून नाही सांगितलं.

इंद्रभान : आज ओरडलोच ना. काही झालं काय तुले? बस गाडीत.

राजपाल : काका, ते टोपी फेकू का मी?

मंजुषा : ए! हात नको लावू. ते बादलीत धुऊन, पिळून दे मले. बाबा, काड्या घ्या दाराच्या मागच्या. सुई-दोरा देव्हाऱ्याच्या... बुद्धाच्या फोटोखालच्या डब्यात आहे.

इंद्रभान : आता?

मंजुषा : आठ काड्या, आठ टाके म्हणता ना? रिसोड येईपर्यंत होतात. मधातल्या भोकाचे टाके उसवा, मग काड्यांना शिवा. येताना भंतेजी पुढं बसतील. रस्त्यावर उतरले की छत्री मी धरणार, आत्ताच सांगून ठेवते.

इंद्रभान : ओली हाये ते.

मंजुषा : छत्री ओलीच असते, बाबा.

राजपाल : हे घ्या, पिळून दिली. फूल तसंच हाये, रंग नाही गेला. चला, निघा तुमी. मी वहिनीले फोटो लावून देतो, सरळ लावतो. बाराच्या पहिले या बस.

इंद्रभान : तू बी जेऊन जाजो, राजपाल. भंतेजीचं झालं की आपल्या पंगती. मंजू, काच खाली घे, सुई दिसत नाही. हं. चल. हळू घे अंगणातून, कोंबड्या हायेत.

मंजुषा : मले दिसतात कोंबड्या.

इंद्रभान : आन एक आयक.

मंजुषा : आता काय?

इंद्रभान : फाट्यावर गाडी हळू करू नको. सीधी ने.

मंजुषा : मी काहून हळू करीन फाट्यावर?

इंद्रभान : तू नाही वो. माहाच पाय जाते ब्रेकवर, अजून बी. आज नको थांबू. आज डबा घरीच शिजून राह्यला.